औषधांच्या पेटंटवर हरकत घेण्याचा रुग्णांचा हक्क अबाधित ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव, उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभाग,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली
(मा. तहसीलदार, शहापूर यांच्यामार्फत)

विषय : पेटंट नियमांतील २०२४ च्या दुरुस्त्यांचा औषधांपुरता फेरविचार होणेबाबत.

महोदय,

शहापूर-मुरबाड पट्ट्यातील अनेक कातकरी व ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील दीड-दोन वर्षांचे जुने उपचार पुरे करणे त्यांना फार अवघड जात असे. केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केलेले सहा महिन्यांचे उपचार बेडाक्विलिन या गोळीवर उभे आहेत. तिचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपले. मात्र तिच्या फ्युमरेट क्षाराचे वेगळे पेटंट मिळाले असते, तर जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज २३ मार्च २०२३ रोजी फेटाळला. त्यावर हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले होत्या. क्षयरोगाच्या उपचारांत दोघींची श्रवणशक्ती गेली होती. सरकारी दवाखान्यात ही गोळी रुग्णाला फुकट मिळते हे खरे, पण शासनाला ती विकतच घ्यावी लागते.

ही हरकत शक्य झाली ती पेटंट अधिनियमाच्या कलम २५(१) मुळे, कारण पेटंट मंजूर होण्याआधी कोणत्याही व्यक्तीला विरोध नोंदवण्याची मुभा ते देते. मार्च २०२४ च्या दुरुस्तीने या विरोधाला शुल्क लावले, शिवाय तो ग्राह्य आहे की नाही याची प्राथमिक छाननी आधी ठेवली. पेटंटचा देशात प्रत्यक्ष वापर किती झाला हे सांगणारा नमुना २७ पूर्वी दरवर्षी भरावा लागे, तो आता तीन वर्षांतून एकदा भरावा लागतो. याच माहितीचा आधार २०१२ मध्ये मुंबईत झालेल्या निर्णयात घेतला गेला होता, ज्याने कर्करोगावरील सोराफेनिबसाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाची परवानगी, दिली आणि महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला.

पेटंटधारकाच्या हक्कवापराची चौकशी पेटंट अधिनियमाखालीच व्हावी, स्पर्धा आयोगाने ती करू नये, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १३ जुलै २०२३ रोजी ठरवले. एक दार असे बंद होत असताना उरलेले दार अरुंद करणे निवेदनकर्त्यांना समर्थनीय वाटत नाही.

सबब औषधांच्या अर्जांवर रुग्ण व रुग्णसंघटना यांनी घेतलेल्या हरकतीस शुल्कमाफी मिळावी, प्राथमिक छाननीत अशी हरकत केवळ मसुद्याच्या तांत्रिक उणिवेवरून नाकारली जाऊ नये, आणि औषधांपुरता नमुना २७ पुन्हा वार्षिक करावा. तसेच पेटंट जर्नलमध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध होणाऱ्या क्षयरोग व सिकलसेलवरील औषधांच्या अर्जांचा मराठी गोषवारा मुंबई कार्यालयाने काढून तो तालुक्याच्या रुग्णालयांत लावण्यास द्यावा, कारण ज्या अर्जाची माहितीच पोहोचत नाही त्यावर हरकत घेणे कोणालाही शक्य नाही.

निवेदनकर्ते,
समस्त ग्रामस्थ, सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे