विश्लेषण : मूळव्याध समजून अंगावर काढलेला कर्करोग ऑपरेशनशिवाय बरा होतो?

शौचाच्या वेळी रक्त जाते, ठणकते, हाताला गाठ लागते. धाराशिव असो की भूम-परंडा, पहिला अंदाज मूळव्याधीचाच असतो आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण गुदद्वाराचा कर्करोगही याच लक्षणांनी सुरू होतो. आजार दुर्मीळ, त्यात जागा अशी की घरातही कुणी बोलत नाही. मलम, काढे आणि 'मूळव्याध हमखास बरी'च्या पाट्या यांत महिने निघून जातात.

ऑपरेशन कसे टळते?

पूर्वी गुदद्वारच काढून टाकत. मग शौचासाठी पोटाला कायमची पिशवी. १९७४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटचे सर्जन नॉर्मन निग्रो यांनी ३ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. ऑपरेशनआधी त्यांना किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र दिली होती. दोघांचे ऑपरेशन झाले, तर काढलेल्या भागात कर्करोग सापडलाच नाही. तिसऱ्याने ऑपरेशनला नकार दिला, आणि तोही बरा राहिला!

आज हीच मुख्य पद्धत आहे. आठवड्यातले ५ दिवस, साधारण साडेपाच-सहा आठवडे किरणोपचार; जोडीला मायटोमायसिन आणि ५-फ्लुरोयुरॅसिल ही औषधे. औषधांमुळे किरणांचा मारा अधिक लागू पडतो. गाठ मात्र सावकाश विरते, कधी कधी उपचार सुरू झाल्यापासून ६ महिने लागतात. म्हणून ऑपरेशनची घाई करत नाहीत. गाठ उरली किंवा परत आली, तरच ते करतात. (थोड्या वरच्या भागातल्या, म्हणजे मलाशयाच्या कर्करोगाचे उपचार वेगळे असतात.)

मग अडते कुठे?

रोजच्या खेपेत. कातडी सोलवटते, जुलाब होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. मजुरी बुडते ती वेगळीच. दोन आठवड्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून रुग्ण घरी बसला, तर त्या खंडात कर्करोगाच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या किरणोपचार आणि केमोथेरपीचा समावेश आहे. पण सहा आठवडे राहायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

धाराशिवकरांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय परके नाही. बार्शीसह भूम आणि परंडा तालुक्यांतील गावांमधल्या कर्करुग्णांची नोंद तिथे १९८७ पासून होते. देशातील ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी.

या जिल्ह्याचा आणखी एक संबंध आहे. गुदद्वाराच्या बहुतेक कर्करोगांमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागेही तोच. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले : तपासणी न झालेल्या गटात ६४, चाचणी झालेल्या गटात ३४. (पहिल्या गटाला तपासणीविना का ठेवले, यावरून पुढे मोठा वाद झाला, आणि तो रास्तच होता.)

गुदद्वारासाठी अशी सरसकट चाचणी नाही. एचआयव्हीबाधितांसारख्या जास्त जोखमीच्या लोकांपुरतीच ती सुचवली जाते. बाकीच्यांच्या बाबतीत पहिला संशय येतो तो डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेल्या तपासणीत. तिला दोन मिनिटे लागतात. खात्री पुढे गाठीचा तुकडा तपासल्यावर होते.