उधारीचे पंख

पडद्यावरच्या कलावंताला त्याच्या भूमिकेच्या नावाने हाक मारायची सवय फक्त आपल्यालाच आहे, असा माझा समज होता. चीनच्या झाओ वेई या अभिनेत्रीची कहाणी वाचली आणि तो दूर झाला.

१९९८ साली ‘माय फेअर प्रिन्सेस’ ही मालिका तैवान आणि चीनमध्ये दाखवली गेली. रस्त्यावर वाढलेली एक अक्षरशत्रू, तोंडाळ मुलगी गैरसमजातून सम्राटाची लेक म्हणून राजवाड्यात येते आणि तिथले सारे शिष्टाचार उधळून लावते, अशी ती गोष्ट. मुलीच्या नावाचा अर्थ ‘छोटी पाकोळी’. वुहू शहरातून बीजिंगच्या चित्रपट अकादमीत शिकायला आलेली, बाविशीतली झाओ या भूमिकेने रातोरात घराघरांतली पाकोळी झाली. पुढे ती चित्रपटांत गाजली आणि २०१३ साली दिग्दर्शिकाही झाली.

एरवी अशा कहाण्या इथेच संपतात. झाओबाईंनी मात्र पैशाचेही शास्त्र आत्मसात केले. २०११ साली फ्रान्समध्ये द्राक्षमळा घेतला. २०१४ च्या अखेरीस, तेव्हाचे पती हुआंग यौलोंग यांच्यासह, ‘अलिबाबा पिक्चर्स’चे सुमारे नऊ टक्के भाग ३१० कोटी हाँगकाँग डॉलरना विकत घेतले. वर्तमानपत्रे त्यांना चित्रसृष्टीतील वॉरेन बफे म्हणू लागली. नटीने चेहरा सांभाळावा, हिशेब इतरांनी, या समजुतीला त्यांनी दिलेला हा धक्का मला तरी मनापासून आवडला होता.

मग आले २०१६ चे वर्ष. त्यांच्या ‘लोंगवेई’ या जेमतेम महिन्याभराच्या कंपनीने शांघायच्या शेअरबाजारातील ‘वानजिया’ या कंपनीचे २९ टक्के भाग ३०६ कोटी युआनना घेण्याचे जाहीर केले. लोंगवेईचे नोंदलेले भांडवल होते २० लाख. व्यवहारात स्वतःचे म्हणून घालायचे होते फक्त सहा कोटी. उरलेले तीनशे कोटी कर्जाचे! बाईंचे नाव ऐकताच शेअर वधारला. कर्ज काही मिळाले नाही. व्यवहार आधी आटला, मग २०१७ च्या मार्चअखेर मोडला आणि भाव कोसळला. चीनच्या नियामक मंडळाने दिशाभूल केल्याचा ठपका ठेवून २०१८ साली दोघा पतिपत्नींना प्रत्येकी तीन लाख युआन दंड केला आणि पाच वर्षे रोखेबाजार बंद केला. हात पोळलेले छोटे गुंतवणूकदार भरपाईसाठी न्यायालयात गेले.

या शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. उलट, ती सौम्यच वाटते. ज्यांनी शेअर घेतले, त्यांतल्या कितीजणांनी ताळेबंद पाहिला असेल? त्यांनी पाहिला तो ओळखीचा चेहरा. हा विश्वास वर्षानुवर्षे मालिका पाहणाऱ्यांनी तिच्यापाशी ठेवलेली ठेव होती. कलावंताने व्यापार जरूर करावा, पण ती ठेव तारण ठेवून नव्हे. आणि आपणही, लाडक्या चेहऱ्याच्या भरवशावर घरातली शिल्लक गुंतवण्याआधी, ‘यात तुमचे स्वतःचे किती?’ एवढा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

पण कहाणी इथेही संपली नाही. २६ ऑगस्ट २०२१ रोजी चीनमधल्या मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांवरून झाओ वेईचे नावच नाहीसे झाले. काही मालिका काढल्या गेल्या, काहींच्या श्रेयनामावलीतून नाव पुसले गेले. कारण अधिकृतपणे कोणी सांगितले नाही. जे घडले ते का घडले, हे ना प्रेक्षकांना कळले, ना बुडालेल्या गुंतवणूकदारांना.

इथे मात्र माझे मन अडखळते. दंडाला कारण असते, कलम असते, मुदत असते. पुसून टाकण्याला यातले काहीच नसते. शिवाय त्या पाकोळीवर एकट्या झाओ वेईची मालकी होती कुठे? लेखिकेची, सहकलाकारांची, शाळा सुटल्यावर धावत घरी येऊन दूरचित्रवाणीपुढे बसणाऱ्या मुलांचीही ती होती.

हिशेबात खोट निघाली तर वसुली जरूर करावी, चारचौघांत करावी. पण म्हणून वहीची पानेच फाडली, तर उद्याच्या माणसाने सावध व्हायचे ते काय वाचून?