संपूर्ण वस्तूची विद्या

सव्वीस घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, तीन मिलिमीटर जाडीचे बर्च लाकडाचे प्लायवूड, पोलादी तारा पिळून केलेला एक लवचिक दंड आणि तळहातावर मावेल एवढा दोन पात्यांचा पंखा, एवढ्या सामग्रीतून सुमारे सव्वा मीटर लांबीची, किनाऱ्यावर उभे राहून रेडिओने चालविता येणारी आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग घेणारी हायड्रोप्लेन नौका एकटा मनुष्य आपल्या घरच्या कार्यशाळेत निर्माण करतो, ही गोष्ट अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल शहराच्या परिसरात कोणालाही नवलाची वाटत नाही. आपल्याकडे मात्र असा उद्योग करणाऱ्याची गणना रिकामटेकड्या हौशी माणसांत होण्याचा संभव अधिक. हा दृष्टिकोन बदलला पाहिजे. अशी नौका आराखड्यापासून स्वतः घडविणे हे अव्वल दर्जाचे तंत्रशिक्षण आहे आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, तंत्रनिकेतनांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्याला अभ्यासक्रमात मानाची जागा द्यावी, असे माझे निश्चित मत आहे.

सिॲटलकरांच्या या आस्थेला इतिहास आहे. 26 जून 1950 रोजी तेथील लेक वॉशिंग्टन सरोवरावर ‘स्लो-मो-शन 4’ या नौकेने ताशी 160.323 मैलांचा जागतिक विक्रम केला आणि इंग्लंडच्या सर माल्कम कॅम्बेल यांचा 1939 सालचा 141.74 मैलांचा उच्चांक मागे टाकला. तिचा आराखडा टेड जोन्स यांचा, बांधणी अँकर जेन्सन यांच्या नौकाशाळेतील, आणि सुकाणू मालक स्टॅन सेयर्स यांच्या हाती. इंजिन होते युद्धकाळात लढाऊ विमानांत वापरले गेलेले ॲलिसन. त्या दशकात सिॲटलची मुले लाकडाच्या फळकुटांच्या छोट्या हायड्रोप्लेन नौका करून त्या दोरीने आपल्या सायकलींमागे रस्त्यांवरून ओढीत असत. आज त्याच अजस्र नौकांच्या एक-अष्टमांश प्रतिकृती, मूळ रंग आणि क्रमांक यांसह, हौशी कारागीर तळ्यांवर पळवितात. आणि शर्यतीच्या दिवशी एकमेकांची नौका न्याहाळताना तिच्या रंगापेक्षा तिच्या तळाकडे अधिक बारकाईने पाहतात.

कारण सारे मर्म तळाशी आहे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असल्यामुळे वेग हवा असेल तर पाण्याशी संबंध शक्य तितका तोडला पाहिजे, हे या नौकेचे मूलसूत्र होय. तिच्या पुढील भागाच्या दोन्ही बाजूंना स्पॉन्सन नावाचे दोन पाय असतात. वेग वाढला की त्या पायांच्या मागच्या कडा आणि शेपटाकडील पंखा, एवढे तीनच बिंदू पाण्याला स्पर्श करतात, आणि तो पंखादेखील अर्धा पाण्यात व अर्धा बाहेर फिरतो. दोन पायांमधील पोकळीत कोंडली गेलेली हवा उरलेल्या देहाला वर तोलून धरते. ही उचल अपुरी पडली तर नौका पाण्यात रुतून मंदावते आणि अधिक झाली तर नाक वर करून हवेत उलटते. 4 जानेवारी 1967 रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर, ताशी सुमारे तीनशे मैलांच्या वेगात असताना, ‘ब्लूबर्ड’ नौका अशीच उचलली जाऊन कोलमडली आणि माल्कम कॅम्बेल यांचे सुपुत्र डोनाल्ड कॅम्बेल यांचा अंत झाला. प्रतिकृतीत मनुष्य बसलेला नसल्याने प्राणहानीचे भय नाही, परंतु निसर्गनियम तोच आहे. इंधनाची टाकी दोन बोटे पुढे बसवावी की मागे, या प्रश्नाचे उत्तर त्या नियमाची दखल घेतल्यावाचून देता येत नाही.

घडविण्याचे काम सपाट फळीवर सुरू होते. फळीला बाक असला तर तो बाक नौकेत उतरतो आणि सरळ रेषेत धावण्याचे तिला कधीच जमत नाही, म्हणून कसलेला कारागीर लाकूड कापण्यापूर्वी पट्टी लावून फळीची तपासणी करतो. प्लायवूडचे आडवे सांगाडे उभे करून, त्यांवर पातळ तक्ते इपॉक्सीने चिकटवून, आतील प्रत्येक कानाकोपरा पाणी न शोषेल असा इपॉक्सीनेच बंद केला जातो आणि मोकळ्या पोकळीत नौका उलटली तरी बुडू नये यासाठी फोम भरला जातो. स्पॉन्सनची मागची कड मात्र चाकूच्या धारेसारखी काटकोनात ठेवावी लागते. पॉलिश कागदाचे चार हात अधिक फिरून ती जरा जरी गोलसर झाली, तरी पाणी तेथून सुटण्याऐवजी कडेला बिलगून वर चढते आणि नौकेला मागे ओढते. इंजिनापासून पंख्यापर्यंत शक्ती नेणारा तारांचा दंड भार पडताच पिळला जाऊन किंचित आखूड होतो. त्यासाठी पंख्याच्या पुढे काही मिलिमीटर जागा मोकळी सोडावी लागते, नाही तर भरवेगात तो दंड आधाराच्या तोंडाशी घासून सारी शक्ती उष्णतेत वाया जाते.

केवळ नक्कल करणाऱ्याची येथे कशी फजिती होते, त्याचा एक दाखला देण्यासारखा आहे. अमेरिकेतील मोठ्या हायड्रोप्लेन नौका शर्यतीत डावीकडे वळतात, म्हणून वळणावर पाणी धरून ठेवणारे धातूचे पाते त्यांच्या डाव्या अंगाला असते. प्रतिकृतींच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे वळत, धावविल्या जातात; तेव्हा मूळ नौकेबरहुकूम पाते डावीकडे बसविणाऱ्याची नौका पहिल्याच वळणावर घसरत बाहेर जाते. पाते कोठे आहे हे छायाचित्रावरून कळते, पण ते तेथे का आहे हे समजल्यावाचून नवी वस्तू निर्माण होत नाही.

इंजिनाचा विषय तर स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा आहे. कोकणातील आंबा-काजूच्या बागांतून पावसाळ्याच्या अखेरीस ज्याचा आवाज घुमू लागतो, त्या खांद्यावर अडकवून चालवायच्या गवत कापणीच्या यंत्राचेच हे टू-स्ट्रोक इंजिन भावंड आहे. जपानच्या झेनोआ कंपनीची याच कुळातील इंजिने प्रतिकृतींच्या जगात सर्वश्रुत आहेत. बागेतील इंजिन हवेने थंड होते, नौकेतील पाण्याने. आणि त्यासाठी पंप लागत नाही, कारण सुकाणूच्या पुढच्या कडेला पाडलेल्या छिद्रातून नौकेच्या वेगानेच पाणी नळीत चढते आणि सिलिंडरभोवती फिरून बाजूने बाहेर पडते. एक्झॉस्टचा पाइप त्याहून विस्मयकारक आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही अंश जळण्यापूर्वीच बाहेर निसटतो. परंतु पाइपाच्या निमुळत्या टोकावरून परावर्तित झालेली दाबाची लहर नेमक्या क्षणी परत आली, तर ती त्या मिश्रणाला पुन्हा सिलिंडरात लोटते. मिनिटाला 15,000 फेरे घेणाऱ्या इंजिनात एका फेऱ्याला सेकंदाचा 250वा भाग मिळतो, आणि त्याच्याही एका अंशात ही लहर जाऊन परत यावयाची असते. पाइपाची लांबी थोडी कमी केली की लहर लवकर परतते आणि इंजिनाची खरी ताकद आणखी वरच्या फेऱ्यांवर प्रकट होते. ध्वनिशास्त्राचा धडा याहून स्पष्ट कोठे शिकविला जात असेल?

आमच्या विद्यार्थ्याची अवस्था याच्या उलट आहे. द्रवगतिशास्त्र तो एका सत्रात शिकतो, उष्णतागतिशास्त्र दुसऱ्या सत्रात आणि पदार्थांचे बल तिसऱ्या सत्रात. प्रत्येक विषयाची परीक्षा देऊन तो त्या विषयाचे दप्तर कायमचे बांधून ठेवतो, आणि हे सारे विषय एकाच वस्तूच्या ठिकाणी एकमेकांशी भांडत असतात, याचा अनुभव त्याला पदवी मिळेपर्यंत येत नाही. दंडाचा पीळ किती, याचे गणित तो अचूक सोडवितो. पण पीळ बसताच दंड आखूड झालेला त्याने पाहिलेला नसतो. अंतिम वर्षाचा प्रकल्प तर तयार मिळण्याची सोय बाजाराने कधीच करून ठेवली आहे, आणि विकत आणलेल्या प्रकल्पावर सही करताना परीक्षकाचा हात अडत नाही. तळ्याच्या पाण्यावर मात्र अशा प्रकल्पाची डाळ शिजणार नाही, कारण कोणत्या मिलिमीटरने घात केला हे ज्याने तो मिलिमीटर स्वतः मोजला त्यालाच सांगता येते.

यावर आक्षेप घेतले जातील आणि ते गैरवाजवी नाहीत. इंजिनाचा आवाज कर्कश असतो, पेट्रोलात मिसळलेल्या तेलाचा अंश पाण्यात जातो, आणि वेगाने धावणारा पंखा बोटे तोडू शकतो. म्हणून पिण्याच्या पाण्याचे तलाव आणि पक्ष्यांचे अधिवास वर्ज्य मानावेत, आवाज दाबण्याची तजवीज सक्तीची असावी, आणि रेडिओचा संदेश तुटताच इंजिन आपोआप मंदावेल अशी योजना तपासल्याखेरीज नौका पाण्यात उतरविण्यास मंजुरी देऊ नये. पेट्रोल नकोच असेल त्याने विजेची मोटर वापरावी. लहरींचा धडा बुडेल, बाकीचे सारे राहतील. खर्चाचा प्रश्न पाच विद्यार्थ्यांच्या गटाने वाटून घेतल्यास आणि आयात इंजिनाऐवजी गवत कापणीच्या यंत्राचे इंजिन घेऊन त्याचे पाण्याचे आवरण महाविद्यालयाच्याच लेथवर केल्यास बराच हलका होईल. शिवाय ते आवरण करण्यात होणारे शिक्षण वेगळेच.

एकट्या माणसाच्या हातून काय घडू शकते, याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांचे चरित्र पाहावे. सिडनीतील आपल्या घरामागच्या अंगणात त्यांनी ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’ ही नौका बांधली, सैन्याच्या जुन्या सामानातून मिळालेले जेट इंजिन तिच्यात बसविले, आणि 8 ऑक्टोबर 1978 रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर स्वतः ती ताशी 317 मैलांहून अधिक वेगाने हाकली. तो जागतिक विक्रम अद्याप कोणाला मोडता आलेला नाही.

प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती एवढीच आहे की, येत्या शैक्षणिक वर्षी निदान एका गटाला अशी नौका कोऱ्या कागदापासून घडविण्याची मुभा द्यावी. तयार सांगाडा विकत घेण्यास मनाई करावी. निम्मे गुण नौकेच्या धावण्याला आणि निम्मे गुण काय चुकले व कसे दुरुस्त केले याच्या रोजच्या नोंदवहीला ठेवावेत. आणि परीक्षा वर्गात न घेता तळ्याच्या काठावर घ्यावी.