‘गोंडस’ म्हणून आपण काय टाळतो?

एम.ए.च्या निरोप समारंभात एका विद्यार्थिनीने आम्हां दोघांना क्रोशाने विणलेली मोबाइलची एकेक पिशवी भेट दिली. पिशवी म्हणजे एक घुबड होते. तपकिरी लोकरीचे अंग, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना कानांसारखे गोंडे, पांढऱ्या चकत्यांवर बसवलेली काळी बटणे हे डोळे, मधे इवलीशी पिवळी चोच आणि गळ्यात अडकवायला लांब बंद. आम्ही दोघेही एकाच वेळी म्हणालो, ‘किती गोंडस!’ त्यापुढे काय म्हणावे ते आम्हांला सुचले नाही. कवितेच्या एका ओळीवर तासभर बोलण्याचा पगार घेणाऱ्या दोन माणसांपाशी हातातल्या वस्तूविषयी एका विशेषणापलीकडे शब्द नसावा, हे त्या दिवशी फारसे जाणवले नाही. पुढे ते टोचत राहिले, आणि टोचण्यास कारणही होते.

याच विद्यार्थिनीने वर्षाच्या आरंभी प्रकल्पासाठी एक विषय सुचवला होता : विणकाम-भरतकामाची बायकांच्या बोलण्यातील परिभाषा. गावातील आठ-दहा बायकांशी बोलून शब्द गोळा करायचे, असा तिचा बेत होता. विभागाच्या बैठकीत ‘हा विषय गृहविज्ञानाचा, साहित्याचा नव्हे’ असे मत पडले. ते मत आम्ही मांडले नव्हते. पण आम्ही त्याला विरोधही केला नाही. उलट तिला समजावून एका कवीच्या प्रतिमासृष्टीकडे वळवण्याचे काम आमच्याकडेच आले, आणि ते आम्ही चोख केले. तिने प्रकल्प लिहिला, तो बराही झाला. मग जाताना तिने आमच्या हातात घुबड ठेवले.

आता ‘गोंडस’ या शब्दाकडे पाहू. मराठीत तो बाळाला लागतो, मांजराच्या पिल्लाला लागतो, एखाद्या वाटोळ्या, गुबगुबीत चेहऱ्याला लागतो. ज्याला तो लागतो त्याच्याकडून आपल्याला धोका नसतो आणि अपेक्षाही नसते. आपल्या काव्यशास्त्राने या अनुभवाला फारशी जागा दिलेली नाही. भरताचे आठ रस, त्यांत पुढे स्थिरावलेला शांत, आणि विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त मान्य केलेला वत्सल, इथवर ही यादी येते. पण वात्सल्य हा पाहणाऱ्याचा भाव झाला. वस्तूच्या ठिकाणी असलेला, तो भाव जागा करणारा गोंडसपणा हा सौंदर्याचाच एक प्रकार मानायचा की नाही, हा प्रश्न तिथे उपस्थित होत नाही. मराठी सौंदर्यविचारातही नाही. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाने पिशवीवरील दोन डोळ्यांचा समतोल सांगता येईल. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’चा आधार घेतला तर ही वस्तू उपयोगाची असल्याने तिचे सौंदर्य परायत्त ठरेल. दोन्ही विधाने बरोबर आहेत, आणि दोन्हींतून घुबड निसटते.

पाश्चात्त्य समीक्षेत अलीकडे हा विषय गांभीर्याने घेतला गेला आहे. सिआन एनगाई यांनी ‘अवर ॲस्थेटिक कॅटेगरीज’ (२०१२) या ग्रंथात गोंडसपणाला स्वतंत्र सौंदर्यकोटीचा दर्जा दिला. गोंडस वाटणे म्हणजे समोरच्याचे दुबळेपण सुखद वाटणे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. त्या मायेत कुरवाळणे असते तसे चुरगाळणेही असते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्येच बालरूपाची लक्षणे नोंदवली होती : धडाच्या मानाने मोठे डोके, उंच कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला आलेले मोठे डोळे. आमच्या विद्यार्थिनीने लोरेंझचे नावही ऐकले नसेल. परंतु घुबडाचे डोळे तिने नेमके खाली आणि एकमेकांपासून दूर बसवले आहेत. तेच डोळे दोन बोटे वर सरकवले की पक्षी रागीट दिसू लागतो, हे आम्ही टाचण्या लावून पडताळले आहे.

आणि पक्षी तरी कोणता? बंगालात घुबड लक्ष्मीचे वाहन म्हणून मान मिळवून आहे. आपल्याकडे ते अशुभ. त्याचे नाव घेऊन आपण माणसाला शिवी देतो, आणि रात्री ते घराजवळ ओरडले तर म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. आमच्यापैकी एकीच्या आजीने ही पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. तोच पक्षी लोकरीत विणला, डोळे मोठे केले, नख्या गाळल्या की गळ्यात मिरवण्याजोगा होतो. भयाचा काटा काढून टाकणे हे गोंडसपणाचे खरे कसब आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तो घुबडाच्या नख्यांबरोबर आणखीही काही गाळून टाकतो. वस्तू कुणी, कशी आणि किती वेळात केली हे विचारावेसेच वाटत नाही.

ते विचारायचे म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीत स्वतः विणायला बसलो. आमच्यापैकी एकीने लहानपणी मावशीकडून रुमालाच्या कडा शिकल्या होत्या. दुसऱ्याने क्रोशाची सुई आयुष्यात प्रथमच हातात धरली. कृती सांगायला सोपी आहे. प्रथम १८ साखळ्या घालायच्या. सुईपासूनची दुसरी साखळी धरून १६ मुके खांब, शेवटच्या साखळीत ३, मग काम न उलटता साखळीच्या दुसऱ्या अंगाने १५, आणि टोकाला २. असे ३६ टाक्यांचे लांबट वर्तुळ तयार होते. तो पिशवीचा तळ. त्यानंतर न वाढवता, न घटवता, गोल गोल वर चढत जायचे. फेरी कुठे सुरू झाली ते कळावे म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा. आजचा मोठा फोन बसण्याइतकी उंची यायला ३२-३३ फेऱ्या लागतात, म्हणजे नुसत्या अंगाचे अकराशेहून अधिक टाके. डोळ्यांची चकती मात्र वेगळ्या हिशोबाने होते : ६ टाके, मग १२, मग १८. दर फेरीला सहाच वाढले तर चकती सपाट राहते. कमी वाढले तर तिची वाटी होते आणि जास्त वाढले तर कडेला झालर येते. (ही झालर भूमितीच्या फार कामाची आहे. डायना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अतिपरवलयी प्रतल विद्यार्थ्यांच्या हातात देता यावे म्हणून ते चक्क क्रोशाने विणले.)

आमची झालर अर्थातच गणिती हेतूने आलेली नव्हती. चौथ्या फेरीत ३६चे ३९ कसे झाले ते आम्हांला आजतागायत कळलेले नाही. क्रोशात एका वेळी सुईवर बहुधा एकच फास जिवंत असतो; तो ओढला की मागचे सगळे सरसर उसवते. चूक जिथे झाली तिथपर्यंत मागे जावेच लागते, मधूनच दुरुस्ती करता येत नाही. लेखनाशी याची तुलना करण्याचा मोह आम्हां दोघांनाही झाला. तो आम्ही आवरला, आणि का आवरला ते पुढे येईलच. अकरा संध्याकाळी खर्चून एक घुबड तयार झाले. ते किंचित तिरळे आहे.

वर ‘मुके खांब’ असा शब्द आला आहे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही क्रोशाची मराठी मुळाक्षरे होत. खांब घालताना दोरा आधी सुईवर घ्यावा लागतो. मुक्या खांबाला तो लागत नाही, म्हणून तो बुटका आणि घट्ट बसतो. इंग्रजीत या टाक्याला अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. एकच कृती दोन देशांत वाचली तर दोन मापांच्या पिशव्या होतात. मराठी शब्दाने असला घोटाळा होत नाही. शिवाय मुका खांब! कुणा कवीला सुचला असता तर आम्ही त्यावर टिपण लिहिले असते. हा शब्द कोणा बाईने केला, कधी केला, कशावरून केला, याचा शोध घेणे हेच त्या विद्यार्थिनीला करायचे होते. तिच्या वयाच्या मुली आता चित्रफिती पाहून विणतात आणि टाके इंग्रजीतच मोजतात. हे शब्द तिच्या आजीपाशी होते. शब्दसंग्रहाचा असा विषय मराठी विभागाने गृहविज्ञानाकडे पाठवावा, यातील विनोद आम्हांला उशिरा कळला.

आमच्या विषयाची ही जुनी खोड आहे. जात्यावरच्या ओव्या आपण आवडीने शिकवतो. पण किती पायली दळायला किती वेळ लागे, खुंटा धरून हाताला घट्टे कसे पडत, याविषयी वर्गात सहसा बोलणे होत नाही. आपण ओवी उचलली आणि जाते तिथेच ठेवले. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार यांच्या अभंगांतील मळा, चाक आणि मूस आपण रूपक म्हणून फोडतो. रूपक फोडून झाले की मूस पुन्हा कोपऱ्यात जाते. काम हे कशाचे तरी प्रतीक झाले, की मगच ते साहित्याच्या दारात येऊ शकते. विणताना उसवणे हे लेखनासारखे आहे, असे आम्ही लिहिले असते तर हेच केले असते. उसवणे हे उसवण्यासारखे असते; त्यात मान दुखते आणि लोकर पिंजली जाते.

यावर एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा, की मग पाककृतीही शिकवा, पंक्चर काढणेही शिकवा, मर्यादा कुठे घालणार? आक्षेप पोकळ नाही. घुबडाची पिशवी ही थोर कलाकृती आहे असा आमचा दावा नाही. तिचा नमुना उसना आहे, रंगसंगती ठरीव आहे, आणि अशी घुबडे इतरही पुष्कळ जणींनी विणली असतील. जपानी ‘आमिगुरुमी’, म्हणजे विणलेली भरीव खेळणी, जगभर पसरल्यापासून असे प्राणी सर्वत्र दिसतात. प्रश्न पिशवीला कलेच्या मखरात बसवण्याचा नाहीच. तिच्याविषयी नेमके बोलता येण्याइतकी भाषा आपल्यापाशी असावी की नसावी, एवढाच आहे. पंक्चर काढणाऱ्याला आपण निदान ‘गोंडस’ म्हणत नाही. त्याला पैसे किती ते विचारतो.

पैशाचे आम्ही तिला फोन करून विचारले. अशा पिशव्या ती अडीचशे रुपयांना विकते. लोकर आणि बटणे मिळून सत्तर रुपये जातात, आणि तिच्या सरावाच्या हाताला एका पिशवीस चार तास लागतात. म्हणजे तासाला पंचेचाळीस रुपये. गिऱ्हाईक वर म्हणते, लोकरीचीच तर आहे. ‘बसल्या बसल्या होते ना तुझे?’ असेही म्हणते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन सुयांचे विणकाम करणारे यंत्र इंग्लंडात १५८९ मध्येच निघाले; क्रोशाचे तसे झाले नाही. क्रोशासारखे दिसणारे कापड कारखान्यात निघते, पण खरा क्रोशा कारखान्याच्या प्रमाणावर विणणारे यंत्र आजही बाजारात नाही. त्यामुळे दुकानात क्रोशाची खरी वस्तू स्वस्त मिळत असेल, तर तिथे स्वस्त झालेली गोष्ट कुणाचा तरी हात असते.

‘बसल्या बसल्या’ या शब्दांचा इतिहास आंध्रातील नरसापूरमध्ये सापडतो. गोदावरीच्या मुखाकडील त्या भागात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्यावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या उपशीर्षकातच भारतीय गृहिणी जागतिक बाजारपेठेसाठी उत्पादन करतात असा उल्लेख आहे. बायका दिवसाचे कित्येक तास विणत, व्यापार पुरुषांच्या हाती असे, आणि विणणारीची गणना कामगारांत होत नसे. ती घरी बसून फावल्या वेळात काही करणारी बाई ठरे. हे पुस्तक स्त्रीवादाच्या संदर्भग्रंथांच्या याद्यांत आम्ही अनेक वर्षे विद्यार्थ्यांना लिहून दिले आहे. त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बाकाखाली विणत असे, आणि आम्ही तिला ‘लक्ष इकडे’ म्हणत असू.

पिशवीची गरज मुळात का पडते, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी घरातील टेलिफोनवर क्रोशाचा रुमाल घातलेला असे. फोन बैठकीत विराजमान असे आणि रुमाल त्याचा मान होता. आता फोन अंगावर आला, पण साडीला खिसा नाही, कुडत्याला असला तर रुमालापुरता. भाजीवाल्या मावशी फोन कमरेच्या पिशवीत किंवा पोलक्यात खोचतात. चंची आणि बटवा यांच्याच वंशातील ही वस्तू आहे, फक्त आत सुपारीऐवजी काच आहे. पुरुष सहकाऱ्यांनी घुबड पाहून ‘छान शो-पीस आहे’ म्हटले. त्यांचे फोन शर्टाच्या खिशात होते.

प्रकल्पाचा तोच विषय यंदा आम्ही पुन्हा विभागापुढे ठेवला आहे, दुसऱ्या एका विद्यार्थिनीसाठी. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तोवर आम्ही दोघांनी मिळून एकोणीस शब्द जमवले. त्यांतील चार शब्दांविषयी दोन गावांत एकमत नाही. घुबडाचा डावा डोळा सैल झाला होता, तो तिच्याकडून शिवून घेतला. ‘सर, मॅडम, वीस रुपये होतील,’ ती म्हणाली, आणि आम्ही दिले.