नृत्याला हवी स्वतःची वही

पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवल्या, त्यांना स्वरलिपीत बसवले आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापले. कागदावर राग उतरत नाही, हा आक्षेप अशा कामावर नेहमी घेतला जातो, आणि तो खराच आहे. राग उतरला नाही. बंदिशी मात्र उरल्या. आपल्या नृत्याकडे अशी सर्वांनी मान्य केलेली वही आजही नाही. बोल लिहिता येतात, ताल मांडता येतो, पदाचा अर्थ टिपून ठेवता येतो. पण हात खांद्यापासून कोणत्या वळणाने निघाला, कुठे रेंगाळला आणि कुठे झपकन मिटला, हे गुरूच्या अंगातून शिष्याच्या अंगात जाते आणि मधली एक पिढी तुटली की संपते. व्हर्च्युअल आणि ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या, म्हणजे व्हीआर-एआरच्या मदतीने नाचता नाचता हवेत चित्र काढण्याचे प्रयोग जगभर होतात. त्यांचे कौतुक होते ते बहुधा रंगमंचावरची करामत म्हणून. माझ्या मते या तंत्राची जागा रंगमंच नव्हे, तालीमघर आहे. आणि त्याच्याकडून घ्यायचे काम आहे ते वहीचे.

हे तंत्र नेमके काय करते, ते आधी पाहू. गूगलचे ‘टिल्ट ब्रश’ हे साधन २०१६ मध्ये बाजारात आले. डोक्यावर हेडसेट चढवायचा, हातात कंट्रोलर धरायचा आणि हात फिरवायचा. जिथे हात गेला तिथे रेषा तरंगत राहते आणि तिच्याभोवती फिरून ती मागूनही पाहता येते. डिस्नेच्या ‘लिटल मर्मेड’मधली एरियल साकारणारे अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन यांनी २०१५ मध्येच हे साधन वापरून दाखवले होते, आणि माणसाच्या उंचीची आकृती रेखाटताना त्यांचे सगळे शरीर हलत होते. मात्र मला महत्त्वाची वाटते ती पडद्यामागची गोष्ट. या चित्राच्या फाइलमध्ये रेषेच्या प्रत्येक बिंदूची जागा, ब्रशचा कल, दाब आणि वेळ नोंदलेली असते. फाइल पुन्हा उघडली की रेषा काढल्या त्याच क्रमाने उमटत जातात. पूर्वीच्या प्रयोगांत नेमके हेच हातातून सुटत होते. छायाचित्रकार ग्यॉन मिली यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधल्या वालोरिस इथे पिकासोला अंधारात दिव्याने चित्रे काढायला लावली. त्या छायाचित्रांत रेषा सापडली, पण ती एकाच बाजूने, आणि आधी काय व नंतर काय हे पुसून. नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राऊन मोठ्या कागदावर कोळसा घेऊन हातापायांनी नाचत चित्र काढत. तो कागद कलाकृती म्हणून थोर असेल. त्यावरून ते नृत्य पुन्हा कोणाला करता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग थेट मोशन कॅप्चरच का नको? शरीरावर खुणा चिकटवल्या की सांधा न् सांधा नोंदला जातो. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी १९९९ च्या ‘बायपेड’ या रचनेत पॉल कायझर आणि शेली एश्कर यांच्याकडून असे काम करून घेतले आणि नर्तकांसोबत पडद्यावर प्रकाशाच्या आकृत्या नाचवल्या. पण सगळे नोंदणे म्हणजे वही लिहिणे नव्हे. वहीत काय गाळायचे, हे लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. चित्रकार कँडिन्स्कीने १९२६ मध्ये जर्मन नर्तकी ग्रेट पालुका हिच्या छायाचित्रांवरून मोजक्या रेषांची चित्रे केली. उडीतला एक बाक आणि दोन सरळ रेघा, बस्स. नृत्यरचनाकार विल्यम फोर्सिथ यांच्या १९९९ च्या ‘इम्प्रोव्हायझेशन टेक्नॉलॉजीज’ या सीडी-रॉमवर ते स्वतः हालचाल करून दाखवतात आणि तिच्यातली विचारात घ्यायची तेवढी रेषा चित्रफितीवर पांढऱ्या रंगात काढलेली दिसते. आपल्याकडेही ही दृष्टी आहे. वारली चित्रातला तारपा नाच आठवा. जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांतून जगभर गेलेली ती नाचणाऱ्यांची गुंडाळी जमिनीवर उभ्या असलेल्या कोणालाही तशी सबंध दिसत नाही. चित्रकाराने माणसांचे चेहरे सोडले आणि नाचाची वाट ठेवली. गुरूने स्वतः हात फिरवून ‘या तोड्यात ही रेषा पाहा’ असे दाखवणे आणि यंत्राने सरसकट सगळे शरीर टिपणे, यांत हाच फरक आहे.

आता खऱ्या अडचणींकडे. अर्धा किलोच्या आसपासचा हेडसेट बांधून कथकची चक्कर घेणे म्हणजे मानेला शिक्षा. डोळे झाकले की अभिनयाचा मोठा भाग गेला. हाताबरोबर दृष्टी चालली पाहिजे, हे तर आपल्याकडे पहिल्या धड्यात सांगतात. कंट्रोलर धरलेल्या मुठीत मुद्रा होत नाही. कंट्रोलर न धरता बोटे ओळखणारे कॅमेरे आले आहेत, पण बोटांत बोटे अडकवलेला कर्कट हस्त समोर आला की एक हात दुसऱ्याला झाकतो आणि कॅमेरा गोंधळतो. आणखी एक उणीव मूलभूत आहे : हवा अडवत नाही. आंध्रच्या परंपरेतल्या ‘सिंहनंदिनी’त नर्तकी १२८ अक्षरांच्या सिंहनंदन तालात नाचता नाचता पावलांनी जमिनीवरच्या रंगीत भुकटीत सिंह रेखाटते. तिथे भुकटी आहे, जमीन आहे, तालाचा धाक आहे. चुकलेले पाऊल सिंहाच्या अंगावर दिसते. हवेत काढलेल्या रेषेला असे कुठलेच बंधन नसते आणि ती सहज भोंगळ होते. हे सगळे आक्षेप मला मान्य आहेत. म्हणूनच प्रेक्षकांपुढे हेडसेट घालून नाचणे हा मला फारसा फळणारा मार्ग वाटत नाही. पण तालमीत चित्र पालटते. तिथे भोंगळ रेषा हाच उपयोगाचा पुरावा ठरतो : दहा वेळा घेतलेल्या एकाच हाताच्या दहा रेषा एकमेकींवर बसतात की विस्कटतात, हे शिष्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. व्हीआरमध्ये स्वतःची पावले दिसत नाहीत, म्हणून शिकण्यासाठी एआर बरे. त्यात खोली, आरसा, जमीन जागेवर राहते आणि गुरूची रेषा तेवढी त्यात उभी राहते. अभिनय आणि मुद्रा या वहीत येणार नाहीत. त्यांच्यासाठी गुरूसमोरच बसावे लागेल, आणि ते बरेच आहे.

लिपी काही नवीन नाही, हेही खरे. रुडॉल्फ लाबान यांची नृत्यलिपी १९२८ पासून छापील रूपात आहे. मुंबईत ‘नालंदा’ ही नृत्यसंस्था उभारणाऱ्या कनक रेळे यांनी मोहिनीअट्टमच्या अंगचलनाचे शास्त्रीय विश्लेषण करून नोंदीची पद्धत मांडली. पण चिन्हांची लिपी शिकायला वर्षे जातात आणि ती वाचणारे थोडेच निघतात. हवेतली रेषा वाचावी लागत नाही; तिच्यात हात घालून ती गिरवता येते. चिन्हलिपी अभ्यासकाच्या कामाची, ही शिकणाऱ्याच्या.

या वहीचा सर्वांत मोठा धोका भलतीकडेच आहे. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने ‘टिल्ट ब्रश’चा पुढचा विकास थांबवला. सुदैवाने त्याची संगणकीय संहिता खुली केली, म्हणून स्वयंसेवकांचे ‘ओपन ब्रश’ आज चालते. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ‘होलोलेन्स’ या आपल्या एआर हेडसेटचे उत्पादन बंद केले. फोर्सिथ यांची सीडी चालवायला लागणारा ड्राइव्हच आता लॅपटॉपमध्ये नसतो. एखाद्या कंपनीच्या बंद कुलपात गुरूंच्या रेषा ठेवल्या, तर पिढी तुटायचीही वाट पाहावी लागणार नाही. दुसरा प्रश्न मालकीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते. मात्र ती लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित झालेली असावी लागते, आणि चित्रपट त्या व्याख्येतून वगळलेला आहे. वेळेसह नोंदलेली रेषा या ‘अन्य प्रकारा’त बसू शकेल, असे मला वाटते. ते मान्य झाले तर आजवर केवळ शिष्यांच्या भरवशावर असलेल्या गुरूच्या हक्काला पहिल्यांदाच आधार मिळेल. तोवर निदान लेखी संमती आणि रचनाकाराचे नाव, ही दोन बंधने पाळायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यासाठी फार मोठा निधीही लागत नाही. साधा हेडसेट बऱ्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतो. पुण्यात १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे २००८ मध्ये गेल्या, कनक रेळे २०२३ मध्ये. त्यांच्याकडून थेट शिकलेली पिढी आज शिकवते आहे. विद्यापीठांच्या नृत्यविभागांनी आणि संगीत नाटक अकादमीने या पिढीच्या हाती हे साधन द्यावे, नोंदी खुल्या स्वरूपात ठेवाव्यात आणि रंगमंचावरच्या रोषणाईसाठी राखलेल्या पैशांतला थोडा वाटा या कामाकडे वळवावा.