चौघांची चाल

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांची कन्या शिक्षण संपवून नोकरीस लागली आहे, आणि एका धर्मादाय निधीच्या मदतीसाठीं तीन सहकाऱ्यांसह अहोरात्र पायीं चालण्याचा तिचा मानस आहे. घरांतील वडील मंडळींचा आक्षेप असा कीं, पैसे द्यावयाचे तर घरबसल्या द्यावे. त्यासाठीं रात्रभर डोंगर तुडविण्याचें प्रयोजन काय? 'आपलें मत कळवावें,' असें त्या लिहितात. अशाच एका रात्रीचा अनुभव मीं कांहीं वर्षांपूर्वीं जवळून घेतला आहे. मत देण्याआधीं तो सांगतें.

चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतांना कांहीं महिने मी त्यांच्याकडे राहिलें होतें. हाँगकाँग म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच इमारती येतात. परंतु त्या मुलखाचा पुष्कळ भाग डोंगर आणि रानांनीं व्यापलेला आहे. पूर्वेकडील साई कुंगपासून पश्चिमेकडील तुएन मुनपर्यंत १०० किलोमीटरांची एक डोंगरवाट तेथें १९७९ सालीं खुली झाली. तत्कालीन गव्हर्नर मॅक्लेहोज यांचें नांव तिला दिलेलें आहे. ब्रिटिश सैन्यांतील गुरखा शिपायांनीं १९८१ सालीं सराव आणि धर्मादाय निधी असे दोन्ही हेतु साधण्यासाठीं या वाटेवर 'ट्रेलवॉकर' नांवाची चाल सुरू केली. १९८६ पासून नागरिकांसही तींत प्रवेश मिळाला व ऑक्सफॅमची तेथील संस्था आयोजनांत सहभागी झाली. १९९७ सालीं गुरखे हाँगकाँगहून गेले. चाल मात्र राहिली. पुढें बंगळूर व मुंबईजवळही तशा चाली झाल्या.

नियम साधे. चौघांचा एक गट; ४८ तासांत १०० किलोमीटर; प्रत्येक गटानें आप्तेष्टांकडून देणगी जमवावयाची. मुख्य नियम हा कीं, चौघांनीं प्रत्येक चौकीवर एकत्र पोंचावयाचें. ज्यास पुढें जाणें शक्य नसेल त्यानें चौकीवर तशी नोंद करून थांबावें. वाटेंत कोणास मागें टाकून जावयाचें नाहीं. म्हणजे गटाचा वेग हा त्यांतील सर्वांत मंद माणसाचा वेग.

सूनबाईच्या गटांत तिच्या कचेरींतील पन्नाशीचे एक चिनी गृहस्थ व दोन तरुण होते. नोव्हेंबरांतील एका सकाळीं नऊ वाजतां मंडळी निघाली. शिधा पोंचविण्याचें काम चिरंजिवांकडे व माझ्याकडे होतें. डोंगरवाट जेथें मोटाररस्त्यास मिळे, तेथें आम्ही आधीं जाऊन बसत असूं. थर्मासमध्यें मऊ भात, वर मेतकूट-तूप. डब्यांत तिखटमिठाच्या पुऱ्या. मीठ-साखरेचें लिंबूपाणी आणि कोरडे पायमोजे. दुपारपर्यंत सर्व हंसतमुख होते. समुद्रकांठची वाळू आणि जलाशयाच्या बांधाजवळील षट्कोनी दगडी खांब यांचें वर्णन सूनबाई मोठ्या उत्साहानें करीत होती.

सूर्यास्तानंतर मात्र वेळापत्रक ढळलें. शिंग मुन जलाशयाजवळच्या चौकीवर मंडळी मध्यरात्रीं यावयाची होती, ती दोन वाजून गेल्यावर आली. साठांहून अधिक किलोमीटर झाले होते. कपाळावर बांधलेल्या विजेऱ्यांचे चार ठिपके अंधारांतून ओळीनें येत होते. शेवटचा ठिपका पुनःपुन्हां थांबत होता. ती सूनबाई.

तिला बांकावर बसवून मी बूट काढूं लागलें, तों तिनें पाय मागें घेतला. "आई, कांहीं नाहीं. जरा दमलें आहे." तरी मीं मोजा काढलाच. टांचेवरचा फोड फुटला होता. पण खरी वेदना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास होती. उतार लागला कीं तेथें सुरी खुपसल्यासारखें होई. केव्हांपासून, असें विचारलें तेव्हां ती बराच वेळ बोलली नाहीं. मग हळूच म्हणाली, "मा ऑन शानच्या डोंगरापासून." म्हणजे दिवे लागण्याच्या वेळेपासून, आठ तास!

"मग सांगितलें कां नाहींस?"

"माझ्यामुळें तिघांचा खोळंबा कशाला? शिवाय तुम्ही इतकें करून आणतां, लोकांनीं देणग्या दिल्या आहेत."

खरें सांगावयाचें तर मला प्रथम कौतुकच वाटलें. 'मोठी सोशीक आहे हो पोर!' असें मी म्हणणार, इतक्यांत ते चिनी गृहस्थ शांतपणें तिला म्हणाले, "तूं तेव्हांच बोलली असतीस, तर दहा मिनिटें थांबून पट्टी बांधली असती, तुझें ओझें वांटून घेतलें असतें, उतार सावकाश उतरलों असतों. तूं लपविलेंस, म्हणून आम्ही तुला आठ तास पळविलें. हें आमच्या हातून झालें, याचें मला वाईट वाटतें."

मोजा माझ्या हातांत तसाच राहिला. मला आमच्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. वीस माणसांच्या घराचा स्वयंपाक त्यांनीं बावीस वर्षें संभाळला. पोटांत दुखे तेव्हां गरम पाण्याची पिशवी बांधून त्या पोळ्या लाटीत. सण होऊन जाऊं दे, धाकटीचें बाळंतपण होऊन जाऊं दे, असें करतां करतां दीड वर्ष गेलें. डॉक्टरांकडे नेलें तेव्हां त्यांच्या हातीं फारसें उरलें नव्हतें. त्या गेल्यावर आम्हीं सर्वांनीं त्यांच्या सोशिकपणाचे गोडवे गाइले. मींही गाइले. लाटतां लाटतां त्या ओठ चावीत, हें शेजारीं बसून मीं पाहिलें होतें. विचारलें मात्र कधींच नव्हतें. तेंच कौतुक त्या रात्रीं पुन्हां माझ्या जिभेवर आलें होतें.

चौकीवरील स्वयंसेवकानें गुडघा तपासला. सांधा सुजलेला नव्हता. त्यानें पट्टी बांधली आणि पायावर भार घेववेना झाला तर तेथेंच थांबावयाचें, असें बजाविलें. थांबण्या-जाण्याचा निर्णय गटानें तिच्यावर सोपविला. अट एकच, दर अर्ध्या तासानें चौघांनींही आपलें दुखणें खरें खरें सांगावयाचें. पहिल्याच फेरींत एका तरुणानें कबूल केलें कीं संध्याकाळपासून त्यास मळमळत आहे, आणि दुसऱ्यास चालतां चालतां झोंप येत होती! मेतकूट-भात खाऊन, दोन काठ्या घेऊन, सूनबाई पुढें आणि तिघे तिच्या मागें अशी मंडळी निघाली. सर्वांत मंद चालणारा पुढें असला कीं कोणी मागें पडत नाहीं.

पुढें सुईसारखा उभा नीडल हिल, आणि मग ९५७ मीटर उंचीचा ताई मो शान, हाँगकाँगमधील सर्वांत उंच डोंगर. तेथें धुक्यांत, बोचऱ्या वाऱ्यांत त्यांना उजाडलें. २८ तासांचा त्यांचा बेत होता. ३२ तास लागले. सायंकाळीं पांच वाजतां चौघे हातांत हात घालून शेवटच्या कमानीखालून आले. सूनबाईनें येऊन माझ्या खांद्यावर डोकें टेकलें आणि म्हणाली, "आई, गुडघा फार दुखतो आहे." तिचें तें वाक्य ऐकून मला जितकें बरें वाटलें, तितकें ती शर्यत जिंकून आली असती तरी वाटलें नसतें.

आतां पत्राचें उत्तर. घरबसल्या दिलेला रुपया तितकाच मोलाचा आहे. चालण्यानें तो मोठा होत नाहीं. परंतु चालणारा चाळीस दारीं जाऊन मागतो, आणि दुसऱ्याच्या पावलाशीं आपलें पाऊल जुळविण्यास शिकतो. तेव्हां कन्येस अवश्य जाऊं द्यावें. बूट अर्धा माप मोठे व आधीं वापरून मऊ केलेले असावे, कारण चालून चालून पाय सुजतात. मोजे ओले झाले कीं बदलावे. सरावांत चढण्याइतकेंच उतरणेंही असावें. नुसतें पाणी भाराभर न पितां त्याबरोबर कांहीं खारट खावें. दुखणें दडपण्यासाठीं गोळ्या घेत घेत चालूं नये. अंगांतलें पाणी कमी झालें असतां त्यांतील कित्येक गोळ्या मूत्रपिंडास अपाय करतात.

मात्र जाण्यापूर्वीं तिला एक प्रश्न विचारावा: 'मला होत नाहीं' असें तिघांच्या देखत वेळेवर म्हणतां येईल कां? तिनें उत्तर देण्यास वेळ लावला, तर दोष तिला देऊं नये. आपल्या घरांत हें वाक्य शेवटचें कोणीं, केव्हां उच्चारलें, आणि ऐकणाऱ्यांनीं काय केलें, तें आठवून पाहावें.

आणि परत आल्यावर तीन-चार दिवस तिला जिना उतरणें जड जाईल. तेव्हां तिचें अंथरूण खालच्या मजल्यावर घालावें.