पत्र आले करिंथकरांना

गेल्या जानेवारीत बंगळुरूला मावशीकडे गेले होते. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात तिचे घर आहे. शेजारचे कुटुंब मंगळूरकडचे, कोकणी बोलणारे कॅथलिक. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघी चर्चमध्ये गेलो. विधी सुरू होण्यापूर्वी नवरीची थोरली बहीण उभी राहिली आणि तिने एक उतारा वाचला. खरे प्रेम कसे असते, ते काय करते आणि काय करीत नाही, एवढेच त्यात होते. वाचण्याआधी तिने सांगितले होते की हा उतारा करिंथ गावच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला आहे.

मावशी माझ्या कानाशी लागली. "पत्र? कुणी कुणाला लिहिलेलं गं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला घरी येऊन चहा होईपर्यंतचा वेळ लागला.

भांडणाऱ्यांना लिहिलेले पत्र

पत्र लिहिणारा पौल. आजच्या तुर्कस्तानातल्या तार्सस गावचा ज्यू, तंबू शिवण्याचा धंदा करणारा. करिंथ हे ग्रीसमधले गजबजलेले व्यापारी शहर. इसवी सन ५० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या ख्रिस्ती मंडळींना त्याने हे पत्र धाडले. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. लोक कुणाच्या तरी घरी जमत, एकजण पत्र वाचे आणि बाकीचे ऐकत. मग त्याची नक्कल करून ते पुढच्या गावी जाई.

गंमत म्हणजे प्रेमाचा तो उतारा लग्नासाठी लिहिलेलाच नव्हता. करिंथची मंडळी आपसांत भांडत होती. कुणाचा गट मोठा, कुणाला देवाचे वरदान जास्त, यावरून वाद होते. एकत्र जेवणाच्या वेळी काहीजण आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यांना खडसावता खडसावता पौल प्रेमावर आला. म्हणजे ते पत्र म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याने भावाभावांच्या तंट्यात लिहावे तसे आहे. मावशी हे ऐकून हसली. म्हणाली, "मग लग्नात वाचतात ते बरोबरच आहे!"

या एका उताऱ्याने पुढे केवढा प्रवास केला पाहा. सप्टेंबर १९९७ मध्ये डायनाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी हाच उतारा वाचला, आणि जगभरातल्या घरांत तो दूरदर्शन संचावर ऐकला गेला. जर्मन संगीतकार ब्राम्स याने १८९६ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याला चाल लावली. पोलिश दिग्दर्शक किश्लोव्हस्की यांच्या १९९३ सालच्या 'थ्री कलर्स : ब्ल्यू' या चित्रपटात नवरा आणि मुलगी गमावलेल्या बाईची कथा आहे. तिच्या शेवटी समूहगान ऐकू येते, त्याचे शब्द याच उताऱ्यातले, मूळ ग्रीक भाषेतले. याच अध्यायात आरशात अंधुक दिसण्याची उपमा येते. त्या काळचे आरसे धातूचे असत, त्यांत चेहरा आजच्या काचेसारखा लख्ख दिसत नसे. स्वीडनचे इंगमार बर्गमन यांनी १९६१ च्या आपल्या चित्रपटाला त्या उपमेवरूनच नाव दिले.

चित्रकार रेम्ब्रांने १६६१ साली स्वतःलाच पौल म्हणून रंगवले. ते चित्र आज ॲमस्टरडॅमला आहे. त्यातल्या थकलेल्या म्हाताऱ्याच्या हातात पत्राचे कागद आहेत.

सातारकर, तसे करिंथकर

आणि मराठीत? मराठी बायबल उघडले की अनुक्रमणिकेतच ओळखीचा सूर लागतो. रोमकरांस, करिंथकरांस, इफिसकरांस पत्र. आपण सातारकर, कोल्हापूरकर म्हणतो तसेच हे करिंथकर! एका प्रत्ययाने दोन हजार वर्षांपूर्वीची परकी माणसे शेजारची होऊन जातात. हे मराठी बायबल छापणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय बंगळुरूमध्येच आहे, हे ऐकून मावशीला फार नवल वाटले.

पण पत्रे नुसती मराठीत येऊन भागत नाही, ती वाचणाऱ्याला कळावी लागतात. हे दुखणे मनावर घेतले ते पंडिता रमाबाईंनी. त्या काळचे भाषांतर संस्कृतप्रचुर, साध्या बाईला न उमगणारे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सगळे बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणले. तिथल्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम आश्रमातल्या बायकाच करीत. त्यांत विधवा होत्या, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

आता या पत्रांत बायकांनी सभेत गप्प बसावे, शिकवू नये, असे सांगणाऱ्या ओळीही आहेत. शतकानुशतके त्या बायकांना ऐकवल्या गेल्या. पौलाच्या नावावरच्या तेरा पत्रांपैकी सातच निर्विवाद त्याची, असे आज बरेच अभ्यासक मानतात, आणि शिकवण्याची मनाई करणारे पत्र त्या सातांत नाही. उलट रोमकरांच्या पत्रात तो फिबी नावाच्या बाईची मानाने ओळख करून देतो. ते पत्र रोमला तिनेच पोचवले असावे, असे अनेकांना वाटते.

रमाबाईंनाही हा अनुभव चुकला नाही. १८८५ साली त्या इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. त्यांनी मुलग्यांना शिकवू नये, असे धर्माधिकाऱ्यांनी ठरवले. रमाबाईंनी त्याला सडेतोड उत्तर दिले, तेही पत्रानेच. त्यांचा हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापला. गप्प बसा सांगणाऱ्या ओळीही याच बाईने मराठीत आणल्या, आणि त्यांचे खिळे बायकांच्याच हातांनी जुळवले गेले. एकही ओळ लपवली नाही. वाचून ज्याचे त्याने ठरवावे, असाच त्याचा अर्थ मी घेते.

ट्रंकेतली पत्रे

चहा संपला तशी मावशी उठली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला तिने मला स्टुलावर चढवले. आत माझ्या आजीची पोस्टकार्डे होती. मावशी लग्न होऊन बंगळुरूला आल्यापासूनची, सुतळीने बांधलेली. "रद्दीत घालणार होते. माझ्यामागं कोण वाचणार?" ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिची नात कन्नड आणि इंग्रजी शिकलेली. मराठी बोलते, पण आजीचे बारीक, तिरके अक्षर तिला लागत नाही.

आम्ही एक कार्ड उघडले. वर अनेक आशीर्वाद, मग खुशाली, मग धाकट्या जावेशी जमवून घे अशी समज, शेवटी शेजारपाजारच्या झाडून साऱ्यांना नावानिशी नमस्कार. पौलाची पत्रेही अशीच. आधी आशीर्वाद, मग आभार, मग कानउघाडणी, आणि शेवटी एकेकाचे नाव घेऊन निरोप. तो पत्र सांगे आणि दुसरा लिही, पण शेवटच्या चार ओळी कधीकधी स्वतःच्या हाताने लिही. एका पत्रात आपले अक्षर केवढे मोठे आहे, हेही त्याने सांगितले आहे. आजीच्या कार्डावरही कडेला आजोबांची एक ओळ होती.

त्या रात्री मावशी एकेक कार्ड मोठ्याने वाचत होती आणि नात ते कन्नड लिपीत उतरवून घेत होती. शब्द मराठी, अक्षरे कन्नड. मधेच ती थांबून विचारी, "पणजी असं का म्हणाली?" मग मावशीला सगळी हकिगत सांगावी लागे. अकरा वाजेपर्यंत नऊ कार्डे झाली.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी त्यातले एक पत्र घरात मोठ्याने वाचून पाहा. करिंथकरांचे पत्रही आपल्यापर्यंत पोचले, ते कुणीतरी वाचले, कुणीतरी ऐकले आणि कुणीतरी उतरवून घेतले म्हणूनच.